दर महिन्याला एक खोका

नवऱ्याला हे माहीत नाही. माझ्या बहिणीला माहीत नाही, आणि माझ्या मनात काय चाललंय ते तिला मी फोनवर ‘हॅलो’ म्हणायच्या आत कळतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर बसून ही गोष्ट काढायची म्हणजे — नाही, ते जमणार नाही. गेली चार वर्षं होत आली, ती पोटात आहे, शिळ्या अन्नासारखी. मधूनच घशाशी आंबट येतं आणि मी पाणी पिऊन खाली ढकलते.

दिसायला गोष्ट अगदी साधी आहे. एका बाईंना मी दिवाळीची भेट पाठवली. एवढंच. यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला बरेच दिवस हेच विचारत होते, आणि उत्तर माहीत असूनही विचारत होते.

भेटी निवडणं हे तर माझं कामच आहे. ठाण्यातल्या एका कंपनीत मी ॲडमिनला आहे, वीस वर्षं. दिवाळीला स्टाफला काय द्यायचं, डीलरला काय, मोठ्या साहेबांच्या ओळखीच्यांना काय, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. सुक्यामेव्याचे ट्रे, चांदीचं पाणी दिलेले वाडगे, काचेच्या बरण्या — सगळं करून झालंय माझं. आणि या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की कळलीय. भेट दोन कारणांनी देतात. एक, माणूस जवळ यावा म्हणून. दुसरं, त्याने जवळ येऊ नये म्हणून. दुसऱ्या प्रकारची भेट दिसायला जास्त छान असते, वेळेवर पोचते, आणि तिला रिबन हमखास असते.

हे मला कळत होतं. एवढं लक्षात ठेवा. मी नकळत काहीच केलेलं नाही.

आमचा निनाद आठ महिन्यांचा असताना माझी रजा संपली. तेव्हा आम्ही डोंबिवलीला होतो, पूर्वेला. नवरा आणि मी, दोघं सकाळी साडेसातला बाहेर पडायचो आणि संध्याकाळी साडेसातला परत यायचो. आमच्यासारखी घरं डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत, आणि म्हणूनच गल्लोगल्ली पाळणाघरं आहेत. कुंदाकाकूंचं पाळणाघर मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. दोन खोल्या, सात-आठ मुलं, भिंतीला लावलेल्या गोधड्यांची चळत आणि मुलांच्या डब्यांवर काकूंनी नेलपेंटने लिहिलेली नावं. काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते, ते निनाद दोन वर्षांचा असताना गेले. एकच मुलगी, ती लग्न होऊन नाशिकला. काकूंनी निनादला आठ महिन्यांपासून सातवीपर्यंत सांभाळला. सांभाळला म्हणजे काय, वाढवला. शब्द लिहितानाही बघा ना, कसा हात अडतोय माझा.

त्याच्यात वाईट काय होतं? काहीच नाही. काकू मायाळू होत्या, स्वच्छ होत्या, मुलांना टीव्हीसमोर बसवून स्वतः झोपणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या बायका माझा हेवा करायच्या, तुम्हाला किती चांगल्या मिळाल्या म्हणून. आणि मी हसून ‘हो ना, नशीब’ म्हणायचे. मनात मात्र, अगदी पहिल्या वर्षापासून, मी त्या बाईवर जळत होते.

हसू नका. जळत होते म्हणजे खरोखर. निनाद सहा वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. मी रजा काढून उशाशी बसलेले, कपाळावर पट्ट्या ठेवतेय, आणि हा डोळे मिटून ‘काकू, काकू’ करतोय. घरात दूध प्यायचा नाही. काकूंकडे एका स्टीलच्या फुलपात्रातून गटागटा पितो असं कळलं, म्हणून मी बाजारात फिरून तस्संच फुलपात्र आणलं. त्याने वास घेतला आणि बाजूला सारलं. तुम्ही म्हणाल, लहान मूल ते. बरोबर. पण मी तर लहान नव्हते ना? मी ते फुलपात्र माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंना फटकन म्हटलं, ‘त्याला नको त्या सवयी लावू नका.’ काय चुकलं तेही त्यांना कळलं नसणार.

सातवी झाल्यावर आम्ही ठाण्याला आलो, घोडबंदर रोडला, टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. लोकांना आम्ही सांगितलं, शाळा चांगली आहे, माझं ऑफिस जवळ पडतं. ते खरंच होतं. पण सामान ट्रकमध्ये चढत असताना मला जो आनंद झाला, तो शाळेचा नव्हता.

तरी दिवाळीच्या पाडव्याला आम्ही काकूंकडे जायचो, ओवाळून घ्यायला. निनाद नववीत होता तेव्हाची ती शेवटची वेळ. त्याने चपला काढल्या आणि सरळ आतल्या खाटेवर जाऊन आडवा झाला, काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून. चौदा वर्षांचा घोडा! काकू त्याच्या केसांतून हात फिरवतायत, तो त्यांना शाळेतलं सांगतोय — माझ्याशी न बोललेलं, एका मुलीबद्दलचं, हसत हसत — आणि मी दारात पर्स धरून उभी.

‘अहो, निनूच्या आई, उभ्या का तुम्ही? बसा ना,’ काकू म्हणाल्या.

मग मला बशीत चमचा घालून फराळ आला. ट्रेमधून पाणी आलं. निनाद मात्र काकूंच्याच ताटातून गूळपापडीच्या वड्या उचलत होता. मी पाहुणी होते, कळतंय ना? माझा मुलगा घरचा आणि मी पाहुणी. निघताना तो म्हणाला, ‘आई, मी राहू का गं इथे दोन दिवस?’ मी क्लासचं कारण सांगून त्याला ओढूनच आणला. गाडीत मी त्याच्याशी बोलले नाही. तोही बोलला नाही, पण तो रुसला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ते मघाचं हसू तसंच होतं, आणि ते बघून मला किळस आली. त्याची नाही, काकूंची नाही. कसली आली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज येतं.

पुढच्या वर्षी दहावी आली. दहावीसारखी सोय नाही. दिवाळीच्या आधी मी काकूंना फोन केला, ‘यंदा आम्ही त्याला कुठेच पाठवत नाही हो, दहावी आहे.’ त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे. नकाच पाठवू. डोळ्यांवर ताण येऊ देऊ नका त्याच्या.’ आणि निनादला मी सांगितलं, काकू हल्ली मुलीकडेच असतात, नाशिकला. पाळणाघर बंद केलं त्यांनी. पाळणाघर बंद झालं होतं हे खरं होतं. नाशिक मी माझ्या पदरचं घातलं. त्याने नंबर मागितला, तर म्हटलं, बदललाय बहुतेक, लागत नाही. तो माझ्यावर विश्वास ठेवतो. ठेवायचा.

काम झालं होतं. पण काकू गप्प राहतील का? दहावी संपल्यावर काय? मग मला ती युक्ती सुचली.

ऑफिसात स्टाफच्या दिवाळीसाठी मी त्या वर्षी एक नवीन प्रकार बघत होते. एकदाच नोंदणी करायची, की वर्षभर दर महिन्याला समोरच्याच्या घरी एक खोका पोचतो. आत काहीबाही सुंदर वस्तू आणि वर आपण त्या महिन्याला लिहू तो मजकूर छापलेलं कार्ड. बाकी आपल्याला काही करायला नको. त्या वेबसाइटवर भेट कोणासाठी असं विचारलेलं होतं. ‘नव्या आईसाठी’, ‘चहाप्रेमींसाठी’, ‘आजी-आजोबांसाठी’. आजी-आजोबांच्या खोक्यात गुडघ्याला लावायचं तेल होतं, मोठ्या अक्षरांची शब्दकोडी होती, तुळशीचा चहा होता. काकूंना ते उपयोगी पडलं असतं. मी ते घेतलं नाही. मी ‘स्वतःसाठी वेळ काढा’ नावाचा खोका घेतला, कारण त्याचा फोटो सगळ्यात भारी होता. सुगंधी मेणबत्त्या, चेहऱ्याला लावायचे कागदी मास्क, क्विनोआ नावाच्या कसल्याशा परदेशी धान्याचा चिवडा. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची शी-शू काढली, तिला मी स्वतःसाठी वेळ काढायला सांगत होते.

शेवटी एक चौकट होती — भेट कोणाकडून? मी निनादचं नाव टाकलं.

का? हे मी स्वतःला खूपदा समजावलंय. माझं नाव टाकलं असतं तर त्या आभाराचा फोन करणार, मग निनादला द्या म्हणणार. त्याचं नाव असलं की त्यांचं पोट भरेल. पोराने आठवण ठेवलीय, अभ्यासात आहे, वेळ झाला की येईल, असं म्हणत त्या बसतील. उपाशी माणसाला फोटोतलं जेवण दाखवावं तसं. आणि खाली मजकुराच्या चौकटीत मी लिहिलं, ‘काकू, दिवाळीच्या शुभेच्छा. तुम्ही तब्येतीची काळजी घ्या. निनाद.’

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात नव्हती. आपल्याकडे शेजारचा डबा आला की तो रिकामा परत जात नाही. तुमच्या घरीही असंच असेल. निदान साखर तरी घालून देतात. काकूंना त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि शेजारच्या डब्यात फरकच वाटला नाही.

आमच्या ऑफिसात मेघना म्हणून एक जण आहे, अकाउंट्समध्ये. ती काकूंच्याच बिल्डिंगमध्ये राहते, वरच्या मजल्यावर. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी ती माझ्या टेबलाशी आली आणि तोच खोका समोर ठेवला, लोकरीच्या धाग्याने बांधलेला.

‘कुंदाकाकूंनी दिलाय. निनादला द्या म्हणाल्या.’

‘अगं, तो खोका टाकून द्यायचा असतो,’ मी म्हटलं.

‘मी सांगितलं ना त्यांना! ऐकतायत कुठे! म्हणाल्या, लेकराने भरून पाठवलेला डबा रिकामा कसा ठेवू? ते मेणबत्तीचं ठीक आहे हो, देवापुढे लावली. पण ते तोंडाला लावायचे कागद असतात ना, त्या मला विचारतात, हे पापड तळायचे का?’

आम्ही दोघी हसलो. खूप हसलो. मेघना मायेने हसत होती. मी कशाने हसत होते?

खोका मी घरी नेला. निनाद क्लासला होता. धागा सोडला तर आत गूळपापडीच्या वड्या, बटरपेपरमध्ये नीट रचलेल्या, साजूक तुपाचा वास घरभर. आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. ‘निनू, एवढा मोठा झालास का रे, मला तुम्ही म्हणायला लागलास? वड्या खा. अभ्यास कर. उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नकोस.’

मी काय केलं असेल, तुम्हाला वाटतं?

आमच्या सोसायटीत ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात टाकायचा असतो. ती नोटीस लिफ्टमध्ये मीच लावलीय, कमिटीत आहे ना मी. मी वड्या हिरव्या डब्यात टाकल्या. खोका निळ्या डब्यात. बटरपेपरला तूप लागलेलं होतं, तो कुठे टाकायचा याचा मी क्षणभर विचारही केला! मग एक वडी पुन्हा उचलली, वरचीच होती, आणि डब्याशी उभी राहूनच खाल्ली, चोरासारखी. छान होती. फार छान होती. आजही ती चव आठवली की मला तोंड धुवावंसं वाटतं.

आणि पुढच्या महिन्याच्या खोक्यावर मी लिहिलं, ‘काकू, तू पण काळजी घे. तुझा निनू.’

वाचलंत ना? मी चूक सुधारली. माझ्या मुलाच्या तोंडची भाषा मी बसून, विचार करून, बरोबर लिहिली. त्याची नक्कल जमायला लागली तसं मला त्यात एक घाणेरडं सुखही व्हायला लागलं. काकूंच्या मांडीवर शेवटी मीच डोकं ठेवून बसले होते, त्याच्या जागी, त्याला उठवून.

दर महिन्याला खोका जायचा, दर महिन्याला भरून यायचा. कधी वड्या, कधी खारे शंकरपाळे, एकदा मेतकूट. दर महिन्याला हिरवा डबा, निळा डबा. दिवाळी आली की मी नोंदणी आणखी एका वर्षासाठी वाढवायचे. मेघना म्हणायची, ‘किती करतो हो तुमचा निनाद! आमची पोरं बघा.’ आणि मी म्हणायचे, ‘आहे तसा तो हळवा.’ ऐकायला बरंही वाटायचं.

चिठ्ठ्या बदलत गेल्या. अक्षर मोठं झालं, मग वाकडं झालं. ‘हात थरथरतात रे हल्ली. वड्या वाकड्या कापल्या गेल्यात, चालवून घे.’ खरंच वाकड्या होत्या. काही नुसते तुकडे होते. अकरावीच्या दिवाळीत लिहिलं होतं, ‘एकदा ये. पाच मिनिटं बस आणि जा.’ मी उत्तर पाठवलं, ‘काकू, परीक्षा झाली की नक्की.’ बारावीला परत तेच. ‘प्रॉमिस’ असंही लिहिलं. तो बोलताना प्रॉमिस म्हणतो ना, म्हणून.

इथपर्यंत सांगून थांबावं असं वाटतंय. इथे थांबले तर मी एक जळकी, मत्सरी बाई ठरेन, आणि तशा पुष्कळ असतात. पण खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे.

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी ऑफिसातून तासभर लवकर निघाले. निघताना मेघनाने पेढ्यांचा खोका हातात दिला. मार्क तिला मी निकाल लागल्या लागल्या सांगितले होते, तिने फोन करून काकूंना सांगितले होते, आणि काकूंनी आपल्या हाताने खवा भाजून, पेढे वळून, मेघनाच्या नवऱ्याच्या हाती ऑफिसच्या दारापर्यंत पोचवले होते. त्या थरथरत्या हातांनी. वर चिठ्ठी. मी गाडीत बसून वाचली. ‘निनू, मला माहीतच होतं. आज काकांचा फोटो पुसला आणि त्यांना सांगितलं.’

खोका डिकीत ठेवून मी वर गेले. निनाद खुर्चीत बसून फोन बघत होता. मावश्या, मामा, शाळेतले सर, सगळ्यांचे फोन येऊन गेले होते. मी त्याला साखर दिली. तो म्हणाला, ‘आई, काकूला कळलं असेल का गं? इतक्या वर्षांत एकदाही फोन नाही केला तिने मला. मी काही चुकीचं वागलो होतो का तिच्याशी?’

मी त्याचे केस विस्कटले. म्हटलं, ‘माणसं विसरतात रे. त्यांच्याकडे किती मुलं आली आणि गेली. त्यांना कुठे आठवणार एकेक?’

पेढे खाली डिकीत होते.

त्याने फोन उलटा ठेवला आणि आंघोळीला गेला. बराच वेळ पाणी वाजत होतं. मी कान देऊन ऐकत उभी होते, आणि — हे लिहिताना मला स्वतःवर थुंकावंसं वाटतंय — मला बरं वाटलं. अठरा वर्षांनी मी जिंकले असं वाटलं. अठरा वर्षांच्या पोराला मी सांगितलं होतं की जिने तुला वाढवलं तिला तू आठवतही नाहीस, आणि मला बरं वाटलं. मग मी खाली जाऊन पेढे हिरव्या डब्यात टाकले.

हा माझा गुन्हा. खोका नाही, कार्डं नाहीत, वड्याही नाहीत. ते एक वाक्य. बाकी सगळं त्या वाक्यापर्यंत जाण्याचा रस्ता होता.

निनाद आता इंजिनीअरिंगला आहे, पहिलं वर्ष. कॉलेजच्या मुलांबरोबर ढोल पथकात वाजवतो. यंदाच्या गुढीपाडव्याला त्यांच्या पथकाला डोंबिवलीच्या शोभायात्रेचं बोलावणं होतं. मला त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. इतकी मी निर्धास्त झाले होते. काकू नाशिकला असतात हे मलाच खरं वाटायला लागलं होतं की काय कोण जाणे.

पाडव्यानंतर ऑफिसला गेले तर मेघना धावतच आली. ‘अहो, निनाद आलेला ना काल! यात्रा आमच्याच रस्त्याने गेली. काकू खुर्ची टाकून गेटपाशी बसलेल्या. त्याने बघितलं आणि ढोल उतरवून सरळ त्यांच्याकडेच आला, कमरेला तसाच पट्टा. एवढा उंच झालाय, काकूंनी ओळखलंच नाही आधी. मग काय रडल्या, काय रडल्या!’

मी विचारलं, ‘मग? बोलला काही?’

‘नाही हो, तो काय बोलणार! काकूच बोलत होत्या. पाठवलेल्या वड्या आवडल्या का, पेढे कसे झाले होते, हेच विचारत होत्या. त्याची सगळी पत्रं दाखवली त्यांनी त्याला. ती कार्डं हो, जपून ठेवलीत ना, बिस्किटांच्या डब्यात. तो खाली बसून एकेक वाचत होता. सगळी वाचली. मी चहा घेऊन गेले तर नुसतं हं हं करत होता. दमलेला असेल बिचारा.’

चाळीस कार्डं असतील. त्याच्या नावाची, त्याच्या भाषेत, माझी.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा तो जेवायला बसला होता. मी वाट पाहिली. तो ओरडेल, ताट ढकलेल, बाबांना सांगेल. त्याने आमटी मागून घेतली. भात छान झालाय म्हणाला. दुसऱ्या दिवशीही काही नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. तो माझ्याशी नीट वागत होता, पाहुण्यांशी वागतात तसं. आणि मी? मी बोलले का? ‘बाळा, माझं चुकलं’ एवढे तीन शब्द तोंडातून काढले का? नाही. मी त्याच्या गप्प बसण्याचा फायदा घेतला. त्याला कदाचित काही कळलंच नसेल, असंही एकदा स्वतःला सांगून पाहिलं. इतकी मी निर्लज्ज आहे.

मग एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

‘आई, त्या खोक्यांच्या वेबसाइटचा पासवर्ड दे. ह्या महिन्याचं कार्ड मी लिहितो.’

मी मेथीवरून नजर उचलली नाही. पासवर्ड सांगितला. त्याने तो फोनवर टाकला, ‘थँक्यू’ म्हणाला आणि गेला. तेवढंच. त्यावर आजवर आमच्यात झालेलं बोलणं ते इतकंच.

खोका निघाला की कार्डाच्या मजकुरासकट मेल येतो, आणि तो अजूनही माझ्याच पत्त्यावर येतो. हे त्याच्या लक्षात आलं नसेल, किंवा आलंही असेल. मी तो ऑफिसात उघडला. शेजारी दोघं जण चहा पीत कसल्यातरी गप्पा मारत होते.

‘काकू, तुझ्या सगळ्या वड्या मला मिळाल्या. पेढेपण. एकही वाया गेला नाही. रविवारी येतोय, खरंच येतोय. निनू.’

मी ते चार-पाच वेळा वाचलं. त्याने एकही वडी खाल्लेली नाही. पेढे तर त्याने पाहिलेही नाहीत. त्या म्हाताऱ्या बाईला कधीही कळू नये की तिच्या हातचं कुठे गेलं, म्हणून त्याने हे लिहिलं. माझ्यासाठी लिहिलं असेल असं समजायचा मला हक्क नाही. किती साधं लिहिलंय, किती सफाईने. वाचणाऱ्याला शंकाही येऊ नये.

आणि काकूंनी त्याला कधी खोटं बोलायला शिकवलं नाही. ते तो माझ्याकडून शिकला.